अँबेसेडरचं टॅपेट कव्हर: आवळून थांबत नाही ते तेल

वास आधी येतो, तेल नंतर दिसतं. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढून वर गाडी उभी केली की बोनेटच्या फटीतून जळक्या तेलाचा वास येतो आणि मागे बसलेलं कुणीतरी म्हणतंच, क्लच जळाला वाटतं. क्लच नसतो तो. बोनेट उघडून बघा, टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या डोक्यावरच्या पत्र्याच्या झाकणाच्या, कडेने ओघळ उतरलेत आणि एकेक थेंब तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनचा धूर बाहेर नेणाऱ्या लोखंडी नळावर, पडून तिथेच त्याचा धूर होतोय. याला किरकोळ गळती समजू नका, तेल आणि तापलेलं लोखंड इतकं जवळ असणं चांगलं नाही.

ही आमच्या घरची अँबेसेडर, वडिलांच्या हातची, आता मी सांभाळतो. इंजिन पेट्रोलचं, १४८९ सीसी, मूळ इंग्लंडच्या बीएमसी कंपनीचं बी-सिरीज. तिकडे एमजीए नावाची देखणी स्पोर्ट्स कार होती, तिच्या सुरुवातीच्या मॉडेलात पण हेच १४८९ सीसीचं बी-सिरीज होतं, त्यामुळे तिकडचा एमजीवाला आणि इकडचा धुळ्या-जळगावचा अँबेसेडरवाला, दोघांचं दुखणं एकच. अँबेसेडर बनवणारा बंगालमधला उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ ला थांबला पण गाड्या अजून आहेत, आणि थेंब पण आहेत. पुस्तकात याला रॉकर कव्हर म्हणतात, आमच्याकडे गॅरेजवर मात्र सगळे टॅपेट कव्हरच म्हणतात, मी पण तेच म्हणणार.

आता मुख्य गोष्ट. दोन वर्षं मला एका गॅरेजमध्ये सांगत होते की मागून गळतंय, गियरबॉक्स उतरवावा लागेल. खाली बेलहाउसिंगपाशी, म्हणजे इंजिन आणि गियरबॉक्सच्या जोडावर, थेंब होता हे खरंच, पण तेल येत होतं वरून, कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून निघून ब्लॉकच्या पाठीवरून ओघळत खाली. म्हणून आधी धुवा. रॉकेल किंवा डिझेल, ब्रश, मग कोरडं पुसून घ्या, आणि कव्हर जिथे हेडवर, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागावर, बसतं त्या सांध्याभोवती अंगाला लावायची साधी टाल्कम पावडर भुरभुरवा. इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा. हे बघा, पांढऱ्यात ही जी काळपट रेघ उमटली ना, तिथून येतंय तेल, आता कुणाला विचारायची गरज नाही.

आणि इथेच आपण सगळे एकच चूक करतो, पाना घेतो आणि आवळतो. मी पण वर्षभर तेच केलं, दर महिन्याला अर्धा आटा, आणि गळती वाढतच गेली. आमच्या गल्लीतले म्हातारे मिस्त्री, आम्ही त्यांना नाना म्हणतो, त्यांनी एकदा हात धरून थांबवलं. "इतला आवळू नको ना भो, पत्रा शे तो." बरोबर होतं त्यांचं. अख्खं कव्हर दोन नटांवर आहे, आणि दोन्ही नट मधल्या रेषेत. जास्त आवळलं की मधला पत्रा दबतो, कडेचा वाक बिघडतो, काही ठिकाणी पॅकिंग, म्हणजे सांध्यात तेल अडवणारी पट्टी, चिरडतं आणि कोपरे सुटतात. बी-सिरीजच्या या नटाला टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, फक्त ४ फूट-पाऊंड, म्हणजे साधारण साडेपाच न्यूटन मीटर. हेडच्या नटाला याच्या निदान दहापट लागतो. हा नट मनगटाने बसवायचा, खांद्याने नाही.

पॅकिंग असतं बुचाचं, बाटलीचं बूच ज्या झाडाच्या सालीचं तेच. बुचाच्या आत हवेने भरलेले बारीक बारीक कप्पे असतात, त्यामुळे ते दबतं आणि दाब काढला की परत फुगायला बघतं, कव्हर सील होतं ते याच गुणावर. पण सुकलं की आकसतं आणि तडकतं. आमच्या भुसावळ-जळगावचा मे महिना तुम्हाला माहितीये, पारा ४५ च्या वर, आणि दुकानाच्या फळीवर कधीपासून टांगलेलं पॅकिंग घरी आणून लावलं तर भोकं जुळत नाहीत, कोपरा ताणला की तुटतो. फेकू नका, कोमट पाण्यात थोडा वेळ बुडवून ठेवा, मऊ होऊन बरंचसं मापात येतं, मग सपाट ठेवून वरचं पाणी वाळू द्या.

कव्हर काढताना नटाखालचं रबर बघा, हाताला दगडासारखं लागलं तर बदला, कारण तेल तिथूनही वर येतं. जुनं पॅकिंग खरवडायच्या आधी हेडमधल्या पुशरॉडच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या सळयांच्या) भोकांवर स्वच्छ फडकं टाका, एक तुकडा जरी आत गेला तरी तो तेलासोबत फिरणार. मग कव्हर उलटं न करता काचेवर ठेवा, कडेखाली उजेड दिसतोय? दिसतोच. लाकडाच्या ठोकळ्यावर कड धरून लहान हातोडीने टिचक्या मारत सरळ करा, घाई नको, मला दीड तास लागला. पेट्रोलने पुसून शेलॅक, म्हणजे लाखेचा चिकट द्राव, फक्त कव्हरच्या बाजूला लावा, पॅकिंग चिकटवून वर वजन ठेवून रात्रभर राहू द्या. हेडकडची बाजू कोरडी, फार तर ग्रीसचा हात. म्हणजे पुढच्या वेळी टॅपेट सेट करायला, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवायला, कव्हर काढलं तरी पॅकिंग तुटत नाही. सिलिकॉनचा जाड थर देणारे पुष्कळ आहेत, मला ते पटत नाही, आतल्या बाजूला निघालेली त्याची सुतळी तुटून तेलात पडते आणि खाली पंपाच्या जाळीवर जाऊन बसते.

अजून एक, ब्रीदर. कव्हरवरून एअर क्लीनरकडे जाणारा हा रबरी पाईप चिकटाने बंद असेल तर आतला दाब जाणार कुठे, तो तेलालाच बाहेर ढकलतो. पाईप काढून धुवा, फुंकून बघा. आणि पिस्टनच्या रिंगाच झिजल्या असतील, पाईपमधून भकाभका धूर येत असेल, तर पॅकिंग कितीही नवं लावा, ते टिकणार नाही.

बसवल्यावर दोन्ही नट आलटून पालटून, थोडं थोडं. मी पारोळ्यापर्यंत जाऊन आलो, इंजिन पूर्ण गार होऊ दिलं, आणि मग फक्त एकदा टॉर्क तपासला. रात्री गाडीखाली पेपर अंथरला. सकाळी मधला भाग कोरडा, मॅनिफोल्डवर धूर नाही, वास नाही. एका कडेला मात्र रुपयाएवढा एक डाग होता. तो मॅनिफोल्डमागच्या साईड कव्हरचा, म्हणजे इंजिनच्या बाजूच्या झाकणाचा, त्यालाही बुचाचंच पॅकिंग. त्यासाठी मॅनिफोल्ड उतरवावा लागेल, ते पुढच्या रविवारी.