रिपोर्ट क्लीन आहे, म्हणजे काय?

श्रोतेहो, नमस्कार.

माझी मावसबहीण न्यू जर्सीत असते. 2019 च्या दिवाळीत तिने घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. त्यात पणत्या नव्हत्या की फराळ नव्हता, होता एक रिपोर्ट. सेलमध्ये स्वस्त मिळाली म्हणून तिने जनुकीय चाचणीची पेटी मागवली होती. नळीत थुंकी भरून पोस्टाने पाठवली आणि काही आठवड्यांनी निकाल मोबाइलवर आला. फोटोखाली तिने लिहिलं होतं, 'बीआरसीए निगेटिव्ह. सुटले बाई!' ग्रुपवर फुलांचा नुसता पाऊस पडला.

माझी नोकरी पॅथॉलॉजीतली. 'निगेटिव्ह' वाचलं की माझ्या तोंडून सवयीने एकच प्रश्न येतो, 'पण तपासलं काय काय?' तो विचारायला मी तिला फोन केला.

बीआरसीए-1 आणि बीआरसीए-2 ही जनुकं आपल्या सगळ्यांकडे असतात. डीएनएची मोडतोड झाली की ती दुरुस्त करण्याच्या कामी येतात. त्यांतच दोष असला, तर स्तनाच्या आणि बीजांडकोशाच्या कर्करोगाचा धोका बराच वाढतो. दोष म्हणजे तरी काय? आता मी एक वाक्य म्हणतो, ते ऐका. 'मदन सरळ चढण उतर.' प्रत्येक शब्द तीन अक्षरी. आता सुरुवातीची दोनच अक्षरं गाळा आणि पुन्हा तीन-तीन अक्षरं वाचा. 'नसर, ळचढ, णउत...' पुढचं सगळंच बिघडलं! पेशीही जनुक असंच तीन-तीन अक्षरांनी वाचते. बीआरसीए-1 मधल्या एका प्रसिद्ध दोषात नेमकी अशीच दोन अक्षरं गळलेली असतात.

प्रथिन घडवायला लागणारा या दोन जनुकांतला मजकूर साधारण 16 हजार अक्षरांचा आहे, आणि त्यात घातक ठरलेले दोष हजारांच्या वर आहेत. मार्च 2018 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध नियामक संस्थेने, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घरी करायच्या बीआरसीए चाचणीला पहिल्यांदा परवानगी दिली. ती चाचणी त्यांतले फक्त तीन दोष बघत होती. तेही मुख्यतः अश्केनाझी, म्हणजे युरोपातून आलेल्या ज्यू लोकांत आढळणारे. त्यांच्यात साधारण चाळिसांत एकाकडे यांतला एखादा दोष सापडतो, इतरांत क्वचितच. 2023 मध्ये तपासायच्या दोषांची यादी 44 पर्यंत वाढवायला मंजुरी मिळाली. पण माझ्या बहिणीच्या वेळी तीनच. कोकणातल्या बाईच्या जनुकात ते तीन न सापडणं यात नवल काय?

रिपोर्टात हे सगळं लिहिलेलं होतं, बरं का. लपवाछपवी नव्हती. परवानगी देताना एफडीएने लोकांना रिपोर्ट समजतो का, याच्याही चाचण्या पाहिल्या होत्या. पण ठळक अक्षरांत 'दोष आढळला नाही' आणि बाकीचं तीन पडदे खाली सरकवल्यावर! माझ्या मते पहिलीच ओळ अशी हवी : 'आम्ही तीन ठिकाणी पाहिलं, तिथे दोष नाही. बाकी मजकूर आम्ही वाचलेला नाही.'

आकड्यांचंही तसंच. 'धोका दुप्पट' म्हटलं की पोटात गोळा येतो. 1995 मध्ये ब्रिटनमध्ये जाहीर झालं, की काही गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळीचा धोका दुप्पट होतो. घाबरून बायकांनी गोळ्या सोडल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये अंदाजे 13 हजार गर्भपात जास्त झाले. ते दुप्पट म्हणजे किती होतं? सात हजारांत एकीच्या जागी दोघी. म्हणून रिपोर्टात 'दुप्पट', 'तिप्पट' दिसलं की विचारावं, कितीच्या दुप्पट? उलट बीआरसीए-1 चा घातक दोष खरोखरच असला, तर शंभरातल्या साठाहून अधिक बायकांना आयुष्यात स्तनाचा कर्करोग होतो. तिथे मात्र तडक जनुकीय समुपदेशकाकडे जायला हवं, आणि चाचणीही रीतसर प्रयोगशाळेत पुन्हा करून घ्यायला हवी.

तर, फोनवर मी बहिणीला विचारलं, 'घरात कुणाला कॅन्सर?' ती म्हणाली, 'आईकडे कुणालाच नाही.' म्हटलं, 'आणि बाबांकडे?' 'बाबांचा काय संबंध?' असं तिनेच मला विचारलं! ही समजूत फार पसरलेली आहे. हा दोष वडिलांकडूनही तितकाच येतो. बापाला बऱ्याचदा काही त्रास नसतो, आणि वारसा लेकीपर्यंत पोचलेला असतो.

तिने त्याच रात्री वडिलांना फोन लावला. त्यांच्या दोन बहिणी. धाकटी पंचेचाळिशीत गेली. 'पोटाचं दुखणं होतं,' एवढंच घरात बोललं जायचं. मग तिने थोरल्या आत्यांना विचारलं. आत्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, 'टाटाला नेलं होतं तिला. कागद आहेत माझ्याकडे, ट्रंकेत.'