ट्रकच्या बाकावर घोंगडी

नमस्कार, श्रोतेहो. लातूरला आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये १९६७ सालचा एक टाटा-मर्सिडीज ट्रक उभा आहे. टाटांनी १९५४ साली जर्मनीच्या डेम्लर-बेंझशी करार केला आणि १९६९ पर्यंत त्यांच्या ट्रकच्या तोंडावर त्या कंपनीचा तीन टोकांचा तारा मिरवत राहिला. आमच्या गाडीवर तो अजून शाबूत आहे. वडिलांनी याच गाडीतून वर्षानुवर्षे जिनिंगला कापूस आणि अडतीवर तूर पोचवली. इंजिन आणि रंग यांचे काम उरकले, तेव्हा राहिले ते केबिनमधले सलग बाक. त्याचे रेक्झीन भेगाळले होते आणि आतला काथ्या बाहेर आला होता.

नवे रेक्झीन घालणे सोपे होते. परंतु वैशाखात पारा चाळिशीपार गेला असताना, उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीच्या रेक्झीनवर जो एकदा बसला आहे, त्याला मी वेगळे काही सांगायला नको. लोकर अशी अंगाला चिकटत नाही, घाम शोषून घेते; शिवाय विडीची ठिणगी पडली तर रेक्झीन वितळून त्याला भोक पडते, लोकर मात्र जागच्या जागी करपून विझते. म्हणून मी घोंगडी निवडली. ती टोचते, हे मान्य आहे. पण ट्रकमध्ये उघड्या अंगाने कोण बसतो?

घोंगडी विणताना ताण्याचे, म्हणजे लांबीतले उभे, धागे तुटू नयेत म्हणून त्यांना चिंचोक्यांची खळ देतात. त्यामुळे नवी घोंगडी कडक असते, आणि पाणी लागले की खळ सुटून ती आटते. तेव्हा कात्री लावण्यापूर्वी ती थंड पाण्यात भिजवून, न पिळता सावलीत वाळवावी. हे मी केले. चूक पुढे झाली.

बाक पाच फुटांचे आणि घोंगडीचा पन्हा त्याहून कमी. मध्ये जोड नको, म्हणून मी घोंगडी आडवी टाकली, आणि काठाचे काळे पट्टे बाकाच्या लांबीने धावू लागले. दिसायला देखणे होते, पण दोन महिन्यांत बसायच्या जागी झोळ आला. बसणाऱ्याचा भार कापडाला पाठीकडून गुडघ्यांकडे ओढतो, आणि त्या दिशेने मी आडव्या धाग्यांचा सैल बाणा ठेवला होता. पक्का, घट्ट ताणा बाकाच्या लांबीत नुसता पडून होता. गावातल्या कुशनवाल्याने कापडावरून एकदा हात फिरवला आणि विचारले, “काका, उभं कापड आडवं कशाला टाकलं?”

सगळे उसवून पुन्हा बेतले. या वेळी पट्टे पाठीकडून पुढे आले आणि कापडाचे तीन भाग झाले. दोन्ही जोड चालकाच्या मांडीखाली न येता दोन बसणाऱ्यांच्या मधोमध येतील, असे मोजून घेतले. जाड विणीच्या कडा सुटतात, म्हणून प्रत्येक भागाला मागून मांजरपाट लावून दोन्ही कापडे एकत्र शिवली, जेणेकरून शिलाईचा ताण लोकरीवर न येता मांजरपाटावर यावा. स्प्रिंगांवर गोणपाट, त्यावर नवा काथ्या आणि वर पातळ फोम, हे काम नेहमीचेच होते. कव्हर चढवताना मात्र आधी मधला भाग पुढे-मागे अडकवून घेतला आणि मग एकेक कडी टाकत दोन्ही टोकांकडे गेलो, कारण एका टोकापासून ओढत आणले की पट्टे तिरके होतात आणि ते रस्त्यावरूनसुद्धा दिसतात.

लोकरीला कसर लागते. त्यासाठी बाकाखाली कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवतो आणि पावसाळा सरला की बाक बाहेर काढून त्याला ऊन दाखवतो. चालकाकडची दाराजवळची कड चढता-उतरता सर्वात जास्त घासते. तिथे घोंगडीचा हट्ट सोडला आणि जुन्या रेक्झीनचा एक धड उरलेला, वीतभर तुकडा शिवून टाकला.