फट राहू नये म्हणून

(लघुमाहितीपटाचं निवेदन)

[दृश्य : टेबलावर पांढरी मॅट. तिच्यावर पातळ प्लास्टिक अंथरलं जातं. पंपाचा आवाज. प्लास्टिक खाली ओढलं जातं.]

पंप सुरू झाला, आणि 25 मिलिमीटर जाडीची ही मॅट बघता बघता खाली बसली. टेबलाच्या पृष्ठभागाला बारीक भोकं आहेत. त्यांतून हवा खाली ओढली जाते. वरच्या प्लास्टिकमुळे बाहेरची हवा आत शिरत नाही, आणि मॅट टेबलाला घट्ट धरून बसते. मऊ, लवचीक वस्तू कापायची तर आधी तिला जागच्या जागी धरून ठेवावं लागतं. सुरीचं काम त्यानंतरचं.

आपण पुण्याजवळ, भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या शेडमध्ये आहोत. इथे वाफेच्या व्हॉल्व्हसाठी, उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून, जॅकेटं तयार होतात. वरून सिलिकॉन चढवलेलं कापड, आत काचतंतूंची मॅट, बाजूंना हूक आणि पट्टे. व्हॉल्व्हला चढवायचं, दुरुस्तीच्या वेळी काढायचं आणि पुन्हा चढवायचं.

[दृश्य : सुरी, अगदी जवळून, मंद गतीत.]

हे चित्र मुद्दाम मंद केलंय. एरवी ही सुरी नुसती पुढे सरकताना दिसते. प्रत्यक्षात ती मिनिटाला हजारो वेळा वर-खाली होतेय.

त्याचं कारण मॅटच्या स्वभावात आहे. साधी सुरी मॅटमध्ये खुपसून ओढली, तर तंतू कापले जायच्या आधी सुरीबरोबर ओढले जातात. मॅट पुढे गोळा होते, मागे फाटते. कड दाताने तोडल्यासारखी होते. वर-खाली होणारी सुरी प्रत्येक तंतूला उभा छेद देते, आणि आडवा ताण नावापुरता राहतो. बघा, वळणावरसुद्धा मॅट कुठे चुणलेली नाही.

[दृश्य : सुरी कोपऱ्याशी थांबते, वर उचलली जाते, वळते, पुन्हा खाली उतरते.]

आता कोपरा. सुरीला रुंदी असते, त्यामुळे ती जागेवर उभी राहून वळली तर मॅट पिळली जाते. म्हणून यंत्र तिला वर काढतं, हवेत वळवतं आणि नव्या दिशेने पुन्हा खाली सोडतं. आतली भोकं आधी कापायची, बाहेरची रेघ शेवटी. बाहेरची रेघ आधी कापली तर तुकडा सुटा होतो आणि भोकाच्या वेळी हलतो. नियम साधा आहे, पण तो यंत्राला कुणीतरी सांगावा लागतो.

तो सांगणारा माणूस हा.

[दृश्य : मास्टर. हातात टेप, समोर जुना गेट व्हॉल्व्ह.]

सगळे यांना मास्टर म्हणतात. आयुष्याची सुरुवात त्यांनी शिवणकामाच्या टेबलावर केली, बेतणं तिथेच शिकले. व्हॉल्व्ह म्हणजे त्यांच्या लेखी मापं घ्यायला उभं राहिलेलं गिऱ्हाईक. दोन बाजूंना फ्लँज, म्हणजे पाइपाला जोडायच्या कडा, मध्ये पोट, वर बोनेट, म्हणजे पोटावरचं झाकण, त्यातून बाहेर आलेला स्पिंडल, म्हणजे व्हॉल्व्ह उघडायचा दांडा. मास्टर व्हॉल्व्हभोवती जाड कागद गुंडाळतात, पेन्सिलीने खुणा करतात, कागद उलगडून सपाट करतात. त्या कागदाचं रेखाटन संगणकावर चढतं.

मास्टर : “कपडा थोडा ढिला झाला तर माणूस चालवून घेतो. वाफ चालवून घेत नाही.”

[दृश्य : फळ्यावर वर्तुळं. मास्टर खडूने आकडे लिहितात.]

हे गणित आम्ही सबंध दाखवणार आहोत, कारण जॅकेट बसणार की नाही ते इथेच ठरतं. गोल वस्तूवर 25 मिलिमीटरचा थर चढवला की व्यास 50 मिलिमीटरने वाढतो आणि परीघ 157 मिलिमीटरने. पाइप लहान असो वा मोठा, ही वाढ तेवढीच. दोन थर चढवायचे तर दुसरा थर पहिल्यापेक्षा 157 मिलिमीटर लांब हवा. दोन्ही एकाच मापाचे कापले तर वरचा थर तोंडाशी उघडा पडतो. ओढून-ताणून बसवला तर मॅट दबते, आणि दबली की तिच्यातली हवा जाते.

उष्णता अडवण्याचं मुख्य काम ती हवाच करते. पोलादातून उष्णता जितकी सहज वाहते, त्याच्या साधारण दोन हजाराव्या भागाइतकीच ती स्थिर हवेतून वाहते. काचेच्या तंतूंचं काम एवढंच, की हवेला फिरू द्यायचं नाही. मघाशी पंपाने मॅट दाबली होती, ती तात्पुरती. पंप बंद होताच ती फुलून वर येते. कापलेले तुकडे लगेच शिवायला न देता इथे थोडा वेळ मोकळे ठेवतात.

आणखी एक गोष्ट. दोन्ही थरांचे सांधे एकावर एक येता कामा नयेत. भिंत रचताना गवंडी विटांचे सांधे चुकवतो, तसेच ते चुकवायचे. सांध्यावर सांधा आला की आतून बाहेरपर्यंत सरळ वाट तयार होते. उष्णता ती वाट शोधून काढतेच.

[दृश्य : साखर कारखान्याचं बाहेरून दिसणारं धुराडं. उसाच्या बैलगाड्या, ट्रॅक्टर.]

समोर टेबलावर असलेली ऑर्डर साखर कारखान्याची आहे. बॉयलरमधून टर्बाइनकडे जाणाऱ्या मुख्य लाइनमध्ये वाफ 500 अंश सेल्सिअसच्या आसपास असते. पुढे दाब आणि तापमान उतरत जातं. हवेच्या दाबापेक्षा दहा बार जास्त दाबाच्या संपृक्त वाफेचं, म्हणजे उकळत्या पाण्याच्याच तापमानाच्या वाफेचं, तापमान 184 अंश. ही वाफ चिपाड जाळून तयार होते. जिथे सहवीजनिर्मिती आहे तिथे वाचलेल्या चिपाडाची वीज होते आणि ती विकता येते.

पाइपांवर उष्णता अडवणारी लोकर आणि पत्रा चढवलेला असतो. व्हॉल्व्ह मात्र बहुतेक ठिकाणी उघडे. एका उघड्या व्हॉल्व्हमधून जाणारी उष्णता ढोबळमानाने त्याच मापाच्या एक मीटर उघड्या पाइपाइतकी धरतात, आणि कारखान्यात असे व्हॉल्व्ह जागोजागी असतात. हंगाम संपला की दुरुस्तीसाठी व्हॉल्व्ह उघडतात. त्यांवर कायमचा पत्रा असेल तर तो कापून काढावा लागतो, आणि काढलेला पत्रा क्वचितच परत चढतो. मग गळीत हंगाम तसाच जातो, पुढचाही तसाच. काढता-घालता येणारं जॅकेट यासाठी हवं. आमच्या मते बॉयलर पेटण्याआधी तपासायच्या यादीत हे जॅकेट सेफ्टी व्हॉल्व्हच्या खालोखाल असायला हवं.

[दृश्य : टेबलावर मोजपट्टी. बोटांनी ताणलेलं इलॅस्टिक, त्यावर समान अंतरावर खुणा.]

आता थोडं मागे जाऊ. मऊ थराला हवेच्या ओढीने धरायचं आणि संगणकाच्या हुकुमाने कापायचं, ही जोडी कुठून आली?

जोसेफ गर्बर. जन्म व्हिएन्नाचा, 1924 सालचा. ज्यू कुटुंब. नाझी राजवटीतून निसटून हा मुलगा 1940 साली आईबरोबर अमेरिकेत पोहोचला. इंजिनिअरिंग शिकत असताना त्याला आलेखावरची अंतरं वेगवेगळ्या प्रमाणांत मोजायची होती. त्याने पायजम्याच्या कमरेचं इलॅस्टिक काढलं, त्यावर खुणा केल्या आणि ते हवं तसं ताणून मोजपट्टी म्हणून वापरलं. समोर दिसतंय तसंच. ताणलं तरी खुणांमधलं अंतर सगळीकडे सारख्याच प्रमाणात वाढतं. या युक्तीतून त्याचं पहिलं उपकरण तयार झालं, आणि पुढे कनेक्टिकटमध्ये त्याची कंपनी उभी राहिली.

ताणल्यावर बदलणाऱ्या वस्तूकडून अचूक काम करून घेणं, हे कोडं पुढेही त्याच्या कामात येत राहिलं. 1969 साली त्याच्या कंपनीने कापड कापणारं स्वयंचलित यंत्र आणलं. कापडाचे थर एकावर एक, वर प्लास्टिक, खालून हवेची ओढ. थर दबून एकजीव ठोकळ्यासारखे झाले की सुरीला ते घट्ट सापडतात. सुरीचं टोक थरांच्या खाली जाणार, म्हणून टेबलाचा पृष्ठभाग ताठ केसांच्या ब्रशांसारखा केला. सुरी केसांमधून फिरते आणि टेबल कापलं जात नाही. तयार कपड्यांचा धंदा या यंत्राने बदलून टाकला. वाहनांच्या सीटपासून या शेडमधल्या मॅटपर्यंत तेच तत्त्व चालत आलंय. 1996 साली गर्बर वारले.

[दृश्य : शेडचा दुसरा कोपरा. लोखंडी प्रेस, पोलादी पात्यांचा साचा.]

प्रत्येक कामाला हीच सुरी लागते असं नाही. चाकणच्या वाहन उद्योगाला एकाच आकाराचे हजारो तुकडे हवे असतात. तिथे डाय बनवून प्रेसवर एका दाबात तुकडा पाडणं स्वस्त पडतं. पाण्याच्या धारेने कापलं तर मॅट भिजते. लेसरने सिलिकॉनचं कापड जळतं आणि काजळी धरतं. व्हॉल्व्हचं जॅकेट दर खेपेला वेगळं, त्यामुळे इथे सुरीच योग्य.

[दृश्य : ऑपरेटर ताई पडद्यावर आकार जुळवतात.]

या ताई यंत्र चालवतात. पडद्यावर तुकडे हलवून कमीत कमी कतरण निघेल असे बसवतात. संगणक स्वतःची मांडणी देतो, ताई तिच्यात हात घालतात. कापडाचा उभा-आडवा धागा बघावा लागतो. तिरकं बेतलेलं कापड पट्टा आवळताना ताणतं, आणि जॅकेट वाकडं बसतं.

ताई : “मास्टर, हा तुकडा थोडा फिरवला तर एक पूर्ण पट्टी वाचते.”

मास्टर : “मॅटचा फिरव, बाळ. कापडाचा नको.”

[दृश्य : उन्हाच्या तिरिपेत उडणारे बारीक कण. मग यंत्राची शोषनळी. कण नळीकडे ओढले जातात.]

हे चित्र नीट बघा. हाताने कापताना ही कुसळं हवेत उडायची. मानेला, मनगटाला, कपड्याच्या शिवणीत जाऊन बसायची. घरी गेल्यावरही खाज जायची नाही.

खाजेपेक्षा मोठा प्रश्न तंतूच्या जाडीचा आहे. या मॅटमधला काचेचा तंतू साधारण 9 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे 9 हजारांश, जाड असतो. तो कातडीला टोचतो, पण फुप्फुसात खोलवर जायला जाड पडतो. 500 अंशांच्या लाइनसाठी लागणाऱ्या सिरॅमिक ब्लँकेटचं तसं नाही. त्यात 3 मायक्रॉनपेक्षा बारीक तंतू भरपूर असतात, आणि ते श्वासाबरोबर खोल उतरू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सिरॅमिक तंतूंना माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेल्या गटात ठेवलं आहे. इन्सुलेशनच्या साध्या काचलोकरीला 2001 सालच्या फेरतपासणीत त्या गटातून काढलं. दोन्ही पांढरी, दोन्ही मऊ. हातात घेऊन फरक कळत नाही, म्हणून इथे सिरॅमिकच्या रोलला लाल पट्टी लावतात, आणि तो कापताना मास्कशिवाय कुणी टेबलाजवळ येत नाही.

मॅटला टेबलावर धरून ठेवणारी हवेची ओढ सुरीखाली सुटलेले कणही खाली नेते. सुरीशेजारची नळी उरलेले ओढते. कड स्वच्छ कापली गेल्यामुळे मुळात सुटे तंतूच कमी निघतात. या यंत्राचा वेग सगळे सांगतात. आम्हाला त्याची ही बाजू जास्त महत्त्वाची वाटते. जे कारखाने अजून हातसुरीने, पंख्याखाली सिरॅमिक ब्लँकेट कापून घेतात, त्यांनी हे थांबवलं पाहिजे. निदान शोषनळी आणि योग्य मास्क आजपासून द्यावेत.

[दृश्य : ताई बोथट पातं काढून नवं बसवतात.]

पातं टंगस्टन कार्बाइडचं असलं तरी काच त्याची धार खाते. धार गेली की आवाज बदलतो. ताई आवाजावरून ओळखतात आणि यंत्र थांबवतात. बोथट पात्याने पुढे रेटलं तर कड पिंजते आणि धूळ पुन्हा सुरू.

यंत्र येण्याआधी इथे हाताने कापणारे कारागीर जास्त होते. काही शिलाईकडे वळले, काही सोडून गेले. कतरण पोत्यांत भरून बाहेर जाते.

[दृश्य : अंगणात जुना गेट व्हॉल्व्ह, आत हीटर. मास्टर जॅकेट चढवतात, पट्टे आवळतात.]

शिवून झालेलं पहिलं जॅकेट चाचणीला आलंय. हा 6 इंची गेट व्हॉल्व्ह भंगारातला आहे. आत विजेचा हीटर बसवून तो 180 अंशांपर्यंत तापवतात. बाहेरच्या कापडाचं तापमान 60 अंशांच्या आत राहिलं पाहिजे. चुकून हात लागला तर भाजू नये, यासाठी हा निकष सगळीकडे धरतात.

[दृश्य : उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याचं चित्र. जॅकेट निळं. बोनेटच्या मुळाशी पिवळी-तांबडी रेघ.]

सगळं निळं आहे, फक्त बोनेटच्या मुळाशी ही एक रेघ सोडून. दोन तुकडे तिथे भिडायला हवेत आणि भिडलेले नाहीत. फट बोटभरसुद्धा नाही. डोळ्याला दिसत नव्हती, कॅमेऱ्याने दाखवली.

मास्टरनी पट्टा सोडून पुन्हा आवळून बघितला. रेघ तशीच. म्हणजे चूक आवळण्यात नाही, कापण्यात आहे. बोनेटची मान वर निमुळती होत जाते आणि कागद गुंडाळताना तो उतार पूर्ण पकडला गेला नव्हता.

[दृश्य : संगणकाचा पडदा. वक्ररेषेचं एक टोक थोडं बाहेर सरकतं.]

ताईंनी फाइल उघडली. मास्टर मागे उभे राहून बोट दाखवतात. वक्ररेषेचं टोक बाहेर सरकलं, समोरचा तुकडा त्याला जुळवून घेतला. मॅटचा नवा तुकडा टेबलावर आला, प्लास्टिक अंथरलं, पंप सुरू झाला. दोन्ही थर नव्याने कापले, दुसऱ्याचा सांधा पहिल्यापासून दूर ठेवला.

दुसऱ्या चाचणीत रेघ गेली. दुरुस्त केलेली फाइल जतन झाली. ऑर्डरमधले बाकीचे 6 इंची गेट व्हॉल्व्ह आता त्याच फाइलवर कापले जातील. त्यानंतर 8 इंची ग्लोब व्हॉल्व्ह आहेत. त्यांची मापं घ्यायला मास्टर उद्या कारखान्यावर जाणार आहेत. बॉयलर अग्निप्रदीपन दसऱ्याला ठरलंय, आणि सगळी जॅकेटं त्याआधी चढायची आहेत.