दुसरं आसन नसलेलं विमान

मघाशी ओळख करून देताना सांगितलं गेलं की मी बिनइंजिनाचं विमान उडवते. हे ऐकलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: वारा पडला तर? त्याचं उत्तर आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढचं निवांत बोलता येईल. ग्लायडर वाऱ्यावर तरंगत नाही. ते सतत खालीच येत असतं, घसरगुंडीवरून यावं तसं. फक्त ही घसरगुंडी फार लांबलचक असते. 15 मीटर पंखांचं, फायबरग्लासचं चांगलं एकआसनी ग्लायडर शांत हवेत 1 मीटर खाली येईपर्यंत 40 मीटर पुढे गेलेलं असतं. म्हणजे 1000 मीटर उंचीवरून 40 किलोमीटर. ताशी 100 किलोमीटर वेगाला ते सेकंदाला साधारण 70 सेंटिमीटर उतरतं. आता तापलेल्या जमिनीवरून उठलेली हवा सेकंदाला 2 मीटर वर चढत असेल, आणि आपण तिच्यात गिरक्या घेत घेत थोडं जास्त, समजा 1 मीटर उतरत असू, तरी दर सेकंदाला 1 मीटर पदरात पडतोच. सगळा खेळ या जमाखर्चाचा आहे.

मला बोलायचंय ते मात्र दुसऱ्याच गोष्टीबद्दल. या विमानात आसन एकच असतं. ऐकायला साधी गोष्ट वाटते, पण त्यामुळे बाकीचं सगळंच बदलतं. शिकताना तुम्ही दोन आसनांच्या विमानात पुढे बसता आणि मागे शिक्षक असतात. तुमचं काही चुकलं की मागून आवाज येतो, आवाजाने भागलं नाही तर मागून स्टिक (विमान हाकायचा दांडा) हलते. पुढे एकट्याने उडायला लागलात तरी विमान तेच, ओळखीचं असतं. एकआसनीची गोष्ट वेगळी. त्याच्या पहिल्याच उड्डाणाला तुम्ही त्यात एकटे असता, कारण शिकवणाऱ्याला त्यात जागाच नसते. मग ते शिकायचं कसं?

जमिनीवर बसून. मला सलग दोन संध्याकाळी त्या कॉकपिटमध्ये नुसतं बसवलं होतं. एकाने पंखाचं टोक धरून विमान सरळ ठेवलं होतं, आणि मी डोळे मिटून, सांगितलेला दांडा हाताने शोधायचा. पिवळी मूठ आपल्याला ओढत वर नेणारा दोर सोडायची, निळी एअरब्रेकची (पंखावर उघडून विमान खाली आणणाऱ्या फळ्यांची), हिरवी ट्रिमची (स्टिकवरचा जोर कमी करणारी), लाल मूठ संकटात कॅनोपी, म्हणजे कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण, उडवून द्यायची. रंग ठरलेले असतात, पण उतरताना नजर धावपट्टीवर असते, मुठीवर नसते. त्यात मोठी भानगड अशी की शिकाऊ विमानाचं चाक बहुधा पक्कं बसवलेलं असतं, आणि एकआसनीचं आत ओढून घेता येतं. म्हणजे कॉकपिटमध्ये एक जास्तीचा दांडा आला. उतरायच्या आधी चाक बाहेर काढायचं राहून गेलेला पायलट शेवटच्या क्षणी घाईत एअरब्रेक समजून चाकाचा दांडा हलवत बसतो आणि आपण खाली का येत नाही याचं नवल करतो. हसू नका, हे चांगल्या चांगल्यांचं झालंय.

हवेत गेल्यावर दुसरा धक्का बसतो. विमान हलकं असतं, स्टिकही हलकी. माझ्या पहिल्या टोमध्ये, म्हणजे इंजिनाच्या विमानामागे दोराने ओढलं जाताना, मी आठ-दहा सेकंद नाक वर-खाली करत गेले, कारण प्रत्येक वेळी दुरुस्ती गरजेपेक्षा जास्त होत होती. उपाय सोपा आहे, पण तो आधी कोणीतरी सांगितलेला असावा लागतो: मनगट मांडीवर टेकवायचं आणि फक्त बोटांनी उडवायचं.

आता जोडणीकडे येते. ती माझ्या विशेष आवडीची आहे.

ग्लायडर हँगरमध्ये उभं राहतं तसंच लांबलचक ट्रेलरमध्येही राहतं, तुकड्यांमध्ये. एक पंख साधारण 60 ते 70 किलोचा. तिघे जण असले तर बरं. आधी धड बाहेर काढून उभं करायचं. मग एकाने पंखाचं मूळ धरायचं, एकाने टोक, आणि पंखातून बाहेर आलेली स्पारची (पंखाच्या आतल्या मुख्य तुळईची) जीभ धडाच्या पोटातून आरपार सरकवायची. दुसरा पंख पलीकडून येतो, दोन्ही स्पार एकमेकांत बसतात आणि मेन पिना आत जातात. निदान जायला हव्यात. टोकाकडचा माणूस पंख जरासा वर धरून असेल, तर भोकं केसभर चुकतात, आणि मग "थोडं वर... जास्त झालं... खाली... अरे तेवढं नाही" हा संवाद सुरू होतो. हातोडा कुठेही लागता कामा नये. पिन जात नसेल तर दोष पिनेचा नसून पंखाच्या उंचीचा असतो. पिना स्वच्छ पुसून ग्रीस लावलेल्या असल्या की अर्धी भांडणं तिथेच मिटतात.

पंख लागले की नियंत्रणं जोडायची: एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेचे, विमान कलवणारे हलते भाग), एअरब्रेक, आणि शेवटी आडवी शेपटी व तिचं एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारा हलता भाग). नव्या विमानांत या जोडण्या पंख बसवतानाच आपोआप होतात. जुन्यांत तुम्हाला हात आत घालून सॉकेट गोळीवर बसवावं लागतं, कुलूप लागल्याचं बोटाने चाचपावं लागतं आणि वर सुरक्षा-पिन घालावी लागते. जागा अशी की नीट दिसत नाही, हात पुरता मावत नाही.

एका सकाळी मी हेच करत होते. उजवं एलेरॉन झालं, डाव्याचं सॉकेट गोळीवर बसवलं, आणि तेवढ्यात कुणीतरी मागून विचारलं, "टोचा दोर कुठे ठेवलाय?" मी वळून सांगितलं, परत फिरले आणि सरळ एअरब्रेकच्या जोडणीला लागले. डाव्या सॉकेटचं कुलूप आणि पिन तशीच राहिली. पुढे स्टिक हलवून पाहिली तर दोन्ही एलेरॉन व्यवस्थित हलली, कारण सॉकेट गोळीवर टेकलेलं होतंच. नुसतं बघणाऱ्याला तिथे काहीही चुकीचं दिसलं नसतं. मग आम्ही ताण देऊन करायची तपासणी केली. मदतनीस डावं एलेरॉन दोन्ही तळव्यांनी धरून उभा राहिला आणि मी स्टिक दाबली. हाताला आधी विरोध जाणवला, मग "टक्" असा बारीक आवाज झाला आणि स्टिक मोकळी गेली. एलेरॉन त्याच्या हातात होतं तिथेच. आम्ही दोघंही क्षणभर काहीच बोललो नाही. वर गेल्यावर हवेनेही तेच केलं असतं, फक्त तिथे "टक्" ऐकून थांबता येत नाही.

तेव्हापासून जोडणी चालू असताना मला कोणी हाक मारली तर मी उत्तर देत नाही. द्यावंच लागलं, तर पुन्हा पहिल्या पिनेपासून सुरुवात करते. लोक मला शिष्ट म्हणतात. म्हणोत.

आणखी एक: पंख आणि धड यांच्यातल्या फटीवर चिकटपट्टी लावतात. ती शोभेची नसते. त्या फटीतून हवा गळली तर घसरण वाढते. पण ही पट्टी तपासणी झाल्यावरच लावायची, कारण एकदा लावली की खालचं काही दिसत नाही.

जोडलेलं विमान धावपट्टीपर्यंत न्यायला शेपटीखाली एक चाकाची गाडी बांधतात. इथे मला थोडं वजनाचं गणित सांगावं लागेल. माझं वजन 54 किलो. पॅराशूट धरून 61. आणि कॉकपिटमधल्या पाटीवर लिहिलेलं असतं की आसनावर किमान 70 किलो हवेत. म्हणून मी पुढे शिशाच्या वड्या घट्ट बसवूनच उडते. वजन कमी पडलं तर विमानाचा तोल मागे सरकतो. मागे सरकलेल्या तोलाचं विमान लाडात आल्यासारखं हलकं वाटतं, पण ते स्पिनमध्ये (गरगरत खाली कोसळण्यात) चटकन जातं आणि कदाचित बाहेर येत नाही. आता शेपटी तोलाच्या बिंदूपासून साधारण 4 मीटर मागे असते, आणि पायलट जेमतेम अर्धा मीटर पुढे. म्हणजे शेपटीवरचा 1 किलो हा पायलटच्या 7-8 किलोंना भारी. ती गाडी 5 किलोची असली आणि काढायची विसरली, तर तुम्ही आसनावरून 35-40 किलो उतरवल्यासारखं झालं. एक साधी चाकाची गाडी! म्हणून टोचा दोर लावण्याआधी पंख धरणारा माणूस मागे जाऊन शेपटी बघतो, आणि मी मान वळवून तो खरंच बघतोय ना ते बघते.

हेच गणित दुरुस्तीतही असतं. रडरला (शेपटीच्या उभ्या हलत्या भागाला) रंगाचा एक जाड थर जास्त दिला, तर नुसता तोल सरकत नाही. हलणाऱ्या पृष्ठभागांचं स्वतःचं संतुलन बिघडतं, आणि वेगात ते फडफडू लागतात. त्याला फ्लटर म्हणतात, आणि त्यात शेपटी तुटायला काही सेकंद पुरतात. म्हणून शेपटीकडे काम झालं की विमान पुन्हा वजनकाट्यावर चढतं आणि हलते भाग वेगळे तोलले जातात.

उड्डाणाबद्दल एक गोष्ट सांगते, कारण ती जीव घेते. निघताना एअरब्रेकला कुलूप नीट बसलं नसेल, तर टोमध्ये पंखावरची हवा ते ओढून उघडते. मागे बघायला कोणी नाही, आणि पायलटची नजर टो-विमानावर खिळलेली. पुढच्या विमानाचा पायलट ते आरशात बघतो, आणि त्याचं विमान जड झालेलं त्याला कळतंही. तो रडर डावी-उजवीकडे हलवतो. याचा अर्थ: तुझे एअरब्रेक बघ. त्याने पंख हलवले तर अर्थ वेगळा: दोर आत्ताच्या आत्ता सोड. या दोन खुणांत गल्लत करून, शेपटी हलताना पाहून दोर सोडणारे पायलट झाले आहेत. म्हणजे उंची कमी, दोर गेलेला आणि ब्रेक उघडेच. मी टोला लागण्याआधी दोन्ही खुणा मोठ्याने म्हणते. वेडगळ दिसतं, पण कॉकपिटमध्ये ऐकायला दुसरं कोण असतं?

वर गेल्यावर मात्र सगळं शांत होतं. पंख 45 अंश कलवून ताशी 90 किलोमीटरने गिरकी घेतली, तर वर्तुळाची त्रिज्या सुमारे 64 मीटर येते आणि एक फेरा सोळा सेकंदांत होतो. त्या सोळा सेकंदांत कुठल्या बाजूला चढ जास्त होता ते लक्षात ठेवायचं आणि पुढचा फेरा तिकडे सरकवायचा. व्हेरिओमीटर म्हणून जे यंत्र असतं ते चढ-उतार दाखवतं. ते साधं असेल तर फसवतंही: तुम्ही स्टिक ओढून वेगाची उंची केलीत, की ते आनंदाने म्हणतं, चढतोय! म्हणून बहुतेक विमानांच्या शेपटीवर एक छोटी नळी बसवतात, जी वेगाचा हा हिशोब वजा करते. ही नळी काढून ठेवतात, आणि जोडणीत लावायची विसरते. मग दिवसभर माणूस स्वतःच निर्माण केलेल्या थर्मलमध्ये (वर चढणाऱ्या हवेत) फिरत राहतो.

देखभालीबद्दल लोकांना वाटतं की इंजिन नाही म्हणजे काही करायचं नाही. फायबरग्लासचं पहिलं ग्लायडर, स्टुटगार्टच्या विद्यार्थ्यांचं फिनिक्स, 1957 साली उडालं. तेव्हापासून डिंक उखडण्याची आणि लाकूड कुजण्याची भीती गेली, पण कामं संपली नाहीत. ऊन आणि ओल यांनी जेलकोटला (वरच्या गुळगुळीत थराला) तडे जातात. मेण लावून ठेवलं की ते लांबतं. खरखरीत उतरलेल्या किंवा जमिनीवर गर्रकन फिरलेल्या विमानाचं धड बारकाईने बघायचं, आणि नाण्याने टकटक करायची: आवाज घट्ट यायला हवा, बद्द नको. पेडलजवळ रडरच्या तारा नळीतून वळण घेतात, तिथे त्या झिजतात. दोर सोडणारा हूक ठराविक वापरानंतर काढून तज्ज्ञाकडे पाठवावाच लागतो. कॅनोपी उघडी ठेवून उन्हात सोडू नका; ती भिंगासारखी किरण गोळा करते आणि आसनाची गादी पेटलेली मी पाहिली आहे. धूर कुठून येतोय हे बराच वेळ कळलंच नव्हतं.

पंखात वजन वाढवायची पाण्याची टाकी असेल तर उतरून पाणी पूर्ण सोडा आणि झडपा उघड्या ठेवून आत हवा खेळू द्या. स्थिर दाबाची भोकं (वेग-उंची मोजणाऱ्या यंत्रांना हवेचा दाब पोचवणारी) झाका, नाहीतर किडे आत घर करतात.

दिवस संपला की सगळं उलट क्रमाने. आधी शेपटी, मग एलेरॉन-एअरब्रेकच्या पिना, मग मेन पिना. माझ्याकडे त्यासाठी कप्प्यांचा डबा आहे, प्रत्येक पिनेला एक कप्पा. डबा बंद करण्याआधी मी कप्पे मोजते. एकदा एक रिकामा निघाला. रात्री आठपर्यंत तिघेजण टॉर्च घेऊन गवतात शोधत होतो. शेवटी पिन सापडली ती माझ्याच खिशात.