वहीतला चौथा रकाना

(सारसबागेबाहेर, दिवेलागणीची वेळ. गोळ्याच्या गाडीवर ओळीनं बाटल्या, मागून उजेड.)

लाल, केशरी, पिवळा, हिरवा. बर्फ किसून काडीभोवती दाबला जातो आणि गोळेवाले विचारतात, "कुठला देऊ?"

सात वर्षांचा हा मुलगा गाडीपाशी उभा आहे तो एका पायावर. दुसरा पाय गाडीच्या चाकावर, मुठीत आईची ओढणी, डोळे रस्त्यापलीकडच्या फुगेवाल्यावर. "काला खट्टा," तो म्हणतो. आणि लगेच, "नको नको, ऑरेंज!"

"दादा, रंग नको. नुसतं लिंबू-मीठ घालून द्या," आई म्हणते.

पायाला भिंगरी लागलीय पोराच्या, असं घरात सगळे कौतुकानं म्हणायचे. पहिलीत गेल्यावर ते कौतुक संपलं. गेल्या वर्षी डॉक्टरांनी तपासण्या करून एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा यांच्या विकाराचं, निदान केलं.

(बाटल्या, अगदी जवळून.)

या रंगांवरचा वाद जुना आहे. खाण्यातले कृत्रिम रंग काढले तर काही अतिचंचल मुलं शांत होतात, असं अमेरिकेतले अ‍ॅलर्जीतज्ज्ञ बेंजामिन फाइनगोल्ड यांनी 1970च्या दशकात मांडलं. पुढं बरीच वर्षं नुसती भांडणं झाली. मग 2007 साली इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी 297 मुलं घेतली. साधी, घरोघरची मुलं. काही तीन वर्षांची, काही आठ-नऊ वर्षांची. त्यांना कधी रंग आणि सोडियम बेंझोएट, म्हणजे पेय टिकवणारं रसायन, घातलेलं पेय दिलं, कधी तसंच दिसणारं पण त्यातलं काही नसलेलं. कुठल्या दिवशी कुठलं, हे मुलांना ठाऊक नव्हतं आणि पालकांनाही नव्हतं. रंगाच्या पेयानं चंचलपणा सरासरीनं वाढला. थोडाच वाढला, आणि प्रत्येक मुलात सारखा नाही. पण वाढला. जुलै 2010पासून युरोपात अशा सहा रंगांपैकी कुठलाही असलेल्या खाऊवर इशारा छापावा लागतो: मुलांच्या हालचालींवर आणि लक्षावर वाईट परिणाम होऊ शकतो.

त्यातले टारट्राझीन, सनसेट येलो, कार्मोझीन आणि पॉन्सो 4आर हे चार रंग आपल्याकडेही चालतात. पाकीट उलटं करा. बारीक अक्षरात 102, 110, 122, 124 असे आकडे दिसतील. आई आता दुकानात उभ्याउभ्याच ते वाचते. वाण्याला सवय झालीय.

(सकाळ. कोथरूडमधलं स्वयंपाकघर. गॅसवर लोखंडी कढई.)

जवस. आच मंद हवी आणि हात थांबता कामा नये. आधी काहीच होत नाही. मग एक दाणा तडतडतो, मग चार, आणि मग कढईभर पाऊस. दोन-तीन दाणे उडून ओट्यावर पडतात. मुलगा ते टिपून तोंडात टाकतो. आता गॅस बंद. क्षणभर उशीर झाला तर चटणी कडू.

जवस ताटात पसरून निवायला ठेवलेत. तोवर लसूण, जिरं, मीठ, सुकी मिरची खलबत्त्यात. हे काम मुलाचं. ऐका हा आवाज. आम्ही मध्ये कुठंही कापलेलं नाही. पूर्ण चार मिनिटं तो एका जागी बसून कुटतो आहे.

निवलेले जवस मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवायचे. सलग फिरवले की तेल सुटतं आणि चटणीचा गोळा होतो. करायची तीही आठवड्यापुरतीच, कारण ती लवकर खवट होते. गरम भाकरी, वर तूप, शेजारी चटणी.

जवसात ओमेगा-3 नावाचं, शरीराला लागणारं स्निग्ध द्रव्य असतं. माशांतलं वेगळं, हे वेगळं, आणि माशांतल्या प्रकारात आपलं शरीर याचं रूपांतर फार थोडं करतं. ओमेगा-3च्या गोळ्यांचा एडीएचडीवर दिसलेला परिणामही लहानच आहे. या घरात तर सहा आठवड्यांत काहीच फरक दिसला नाही. तरी चटणी चालू आहे. आम्हाला विचाराल तर ती चालू राहावी, त्या खलबत्त्यासाठी तरी.

(मंडई. राजगिऱ्याच्या जुड्या, पाण्याचा शिपका.)

1886 साली बांधलेली ही मंडई. राजगिरा, मेथी, चंदनबटवा. घरी भाजीवर लिंबू पिळलं जातं, कारण त्यानं भाजीतलं लोह अंगी लागतं. जेवणाबरोबरच्या चहानं ते अडतं. सकाळचा चहा-खारी या मुलाच्या ताटातून गेला, तिथं मुगाचं धिरडं आलं. पॅरिसमध्ये 2004 साली एडीएचडी असलेल्या 53 मुलांचं रक्त तपासलं, तेव्हा त्यातल्या 84 टक्के मुलांत फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, कमी निघाला. आणि महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या 68.9 टक्के मुलांना रक्तक्षय आहे, असं 2019-21चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. पण लोहाचं औषध आपल्या मनानं कधीही देऊ नये. जादा लोह मुलांना घातक असतं. आधी रक्त तपासायचं.

(टेबलावर दोनशे पानी वही.)

आता ही वही. पानावर चार रकाने. काय खाल्लं. किती वाजता. झोप किती. आणि चौथा: आज कसा होता.

सुरुवातीला चारही रकाने आईच भरायची. तेव्हा तिचा सगळा राग साखरेवर होता. लाडू खाल्ला की वहीत लिहिलेलं सापडतं, 'फार उड्या.' मग डॉक्टरांनी तिला 1994 सालचा एक प्रयोग सांगितला. साखरेनं आमची मुलं चेकाळतात, असं म्हणणाऱ्या आया आणि त्यांचे पाच ते सात वर्षांचे मुलगे. सगळ्या मुलांना दिलं बिनसाखरेचं पेय. निम्म्या आयांना मात्र सांगितलं की साखर दिलीय. त्याच आयांना आपलं मूल जास्त चंचल दिसलं.

हे ऐकून आईनं काय केलं, बघा. पान उभं दुमडलं आणि यू-पिन लावली. आता पहिले तीन रकाने आत, चौथा बाहेर. आणि तो चौथा रकाना वरच्या मजल्यावरच्या काकू लिहितात. रोज संध्याकाळी मुलगा त्यांच्याकडे पाढे म्हणायला जातो. त्यानं दिवसभरात काय खाल्लं, हे त्यांना कुणी सांगत नाही आणि त्या विचारतही नाहीत. इतकी साधी युक्ती, पण गेल्या वर्षभराच्या चित्रीकरणात आम्हाला हिच्याइतकं मोलाचं दुसरं काही मिळालेलं नाही.

आणखी एक नियम. एका वेळी एकच बदल, निदान दोन-तीन आठवडे. सगळंच एकदम बंद करायचं नाही. वाढत्या मुलाचं ताट आहारतज्ज्ञांना न विचारता रिकामं करू नका.

(तळजाई, सकाळी साडेसहा. मुलगा धावतोय, मागे आई.)

डॉक्टरांनी दिलेली गोळी चालू आहे, ती कमी करायची की नाही ते डॉक्टरच ठरवतात. शाळेतून येणाऱ्या चिठ्ठ्या थोड्या कमी झाल्यात.

(रविवार संध्याकाळ. यू-पिन निघते, पान उलगडतं.)

लाडवांचे दिवस आणि बाकीचे दिवस सारखेच निघाले. रंगीत जेलीच्या गोळ्यांचे दिवस वेगळे.

मंगळवार. आईचं अक्षर: 'बेसनाचे दोन लाडू.' काकूंचं अक्षर: 'सोळापर्यंत पाढे. एकदाच उठला.'

शुक्रवार. आईचं अक्षर: 'मित्राचा वाढदिवस. जेली, केशरी सरबत.' काकूंचं अक्षर: 'आज तेराच्या पुढं गेलाच नाही. मांजरामागं गच्चीवर.'

आई पुढचं पान काढते. वर लिहिते: 'या आठवड्यापासून फक्त सरबत बंद.' पान दुमडते, पिन लावते. मुलगा वही उचलतो आणि जिना चढायला लागतो.