नुसतं 'अन्यॉन्ग' नको, पुढे 'हासेयो' पण म्हणा

हे दक्षिण कोरियातल्या सोलमधलं ग्वांगजांग मार्केट, 1905 साली सुरू झालेलं. हे बघा, भिजवलेले सोललेले मूग जात्यावर दळले जातायत, कडेने पिवळसर पीठ ओघळतंय आणि शेजारच्या मोठ्या तव्यावर त्याच पिठाचे जाडजाड बिन्देट्टॉक, म्हणजे मुगाचे धिरड्यासारखे पोळे, तेलात अक्षरशः पोहतायत. कडा बघा काय कुरकुरीत झाल्यात!

आपली नाशिकची पोरगी, इथे शिकायला आलीये, बाकावर बसतीये. "अन्यॉन्ग हासेयो", म्हणजे नमस्कार. मान आणि खांदे जरासे पुढे झुकले, झालं नमस्काराचं काम. हात जोडायचे नाहीत.

कोरियन सिरीज बघून बरेच जण नुसतं 'अन्यॉन्ग' शिकून येतात, पण ते मित्रांसाठी आणि लहानांसाठी, दुकानदाराला किंवा अनोळखी माणसाला 'हासेयो' लागतंच. कोरियनमध्ये समोरच्याचा मान क्रियापदाच्या शेवटी कळतो, 'यो' आला की रोजचं नम्र बोलणं, 'म्निदा' आला की जास्त औपचारिक, आणि दोन्ही गाळलं की ते बानमाल, म्हणजे सरळ अरेतुरे. म्हणून शब्दांच्या लांबलचक याद्या नंतर पाठ करा, आधी तो 'यो' जिभेवर बसू दे.

स्टॉलवरच्या आजींचं लक्ष नाहीये, मग ती म्हणते "योगियो!", म्हणजे 'इकडे बघा'. नेहमीची गिऱ्हाईकं 'इमो' म्हणूनही हाक मारतात, इमो म्हणजे मावशी, आपण भाजीवालीला म्हणतो ना तसंच. नवीन माणसाने योगियोच म्हणावं. "बिन्देट्टॉक हाना जुसेयो." हाना म्हणजे एक, जुसेयो म्हणजे द्या. नाव आठवलं नाही तर बोट दाखवा, पण जुसेयो सोडू नका.

आता हा शॉट मुद्दाम स्लो केलाय, कारण पुस्तकात हे नीट कळतच नाही. पैसे देताना उजवा हात पुढे, आणि डाव्या हाताची बोटं उजव्या हाताला मनगटाच्या थोडी मागे टेकलेली. प्लेट घेताना तर दोन्ही हात. "खाम्साहाम्निदा", म्हणजे धन्यवाद, आणि मान परत किंचित खाली. तोंडाने कितीही गोड बोललात आणि मोठ्या माणसाच्या हातात एका हाताने, मोबाईलकडे बघत नोट टेकवलीत तर त्या बोलण्याला काय अर्थ राहतो?

खायच्या आधी "छाल मॉक्केस्सुम्निदा", म्हणजे छान जेवतो. खाऊन झालं की "छाल मॉगॉस्सुम्निदा", म्हणजे छान जेवलो. हे ऐकल्यावर आजींचा चेहरा तुम्हीच बघा.

निघताना मात्र गोंधळ होतो. जो जातोय तो थांबणाऱ्याला म्हणतो "अन्यॉन्गी गेसेयो", सुखरूप राहा. थांबणारा जाणाऱ्याला म्हणतो "अन्यॉन्गी गासेयो", सुखरूप जा. पोरगी म्हणाली गेसेयो, आजी म्हणाल्या गासेयो, दोघी बरोबर.

मोठ्यांशी बानमाल बोललं तर संबंध बिघडू शकतात.

आणि हा ग्वांगह्वामुन चौकातला राजा सेजोंगचा भव्य पुतळा. हांगुल ही लिपी त्याने 1443 मध्ये तयार केली आणि 1446 मध्ये लोकांसमोर आणली. आज मूळ अक्षरं फक्त 24 आहेत, ती आधी शिकाच, कारण हे सगळे उच्चार देवनागरीत लिहिले तरी अंदाजेच येतात. इथे आपली पोरगी मैत्रिणीच्या आईचा निरोप घेतीये, दोघी आपापल्या वाटेने निघाल्यात, म्हणून दोघींच्या तोंडी गासेयोच.