डावी बाजू, पण वाटीभर

श्रोतेहो, नमस्कार.

पान वाढताना आपण आधी मीठ वाढतो. मग लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचं. ही झाली डावी बाजू. उजवीकडे भाजी, आमटी. मधे भात, पोळी. नैवेद्याचं ताट असो की पंगत, हे काही बदलत नाही. आणि डावीकडे कोशिंबीर किती? चमचाभर. पंगतीत वाढपी ती घेऊन दुसऱ्यांदा फिरकला तर नशीब. माझं म्हणणं एवढंच, की तिची जागा डावीच राहू द्या, पण ती चमचाभर न वाढता वाटीभर वाढा. आणि सणावाराला नाही, रोज.

मी कोणी आहारतज्ज्ञ नाही. 36 वर्षं बँकेत खातेवह्या सांभाळल्या. निवृत्त झालो तेव्हा आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरात कामांची नव्यानं वाटणी झाली. "गॅसजवळ तुमची लुडबुड नको, सुरी-किसणी सांभाळा," असं हिनं जाहीर केलं, आणि डावी बाजू कायमची माझ्याकडे आली.

पहिल्याच गणपतीत फजिती झाली. घरात 40 पानं होती. मी उत्साहानं सकाळी नऊलाच 4 किलो काकडी चोचवली, दाण्याचं कूट घातलं, मीठ-साखर घातली, लिंबू पिळलं, वर फोडणी दिली आणि पातेल्यावर झाकण ठेवून आरतीला मोकळा झालो. नैवेद्य व्हायला दीड वाजला. झाकण काढलं तर आत पाण्यावर काकडी तरंगत होती आणि कूट फुगून तळाशी बसलं होतं. तरी वाढली. धाकट्या वहिनींनी पानाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "भाऊजी, आमटी डावीकडे का वाढलीत?"

त्यात दोष काकडीचा नव्हता. काकडीच्या 100 भागांत साधारण 95 भाग पाणीच असतं, आणि मीठ लागलं की ते बाहेर ओढलं जातं. म्हणून तेव्हापासून आमच्याकडे एकच कायदा आहे: चिरायचं सवडीनं, मीठ पानावर बसताना. कूटही तेव्हाच. चिरलेली काकडी, किसलेलं गाजर, बारीक कोबी वेगवेगळ्या डब्यांत झाकून फ्रिजमधे ठेवलं की दुपारपर्यंत छान राहतं. कालवायला दोन मिनिटं लागतात. रोज कोशिंबीर होत नाही ती पाककृती येत नाही म्हणून नव्हे. ऐन जेवणाच्या वेळी चिरत बसायचा कंटाळा येतो म्हणून.

आता काकडी चोचवायची म्हणजे काय, हे नव्या मंडळींसाठी सांगतो. हल्ली सगळे किसतात, आणि किसली की काकडीचा लगदा होतो. सोललेली काकडी डाव्या हातात उभी धरायची. सुरीच्या धारेनं तिच्या अंगावर वरून हलके, जवळजवळ घाव घालत जायचं, टक् टक् टक्, आणि काकडी थोडी थोडी फिरवायची. मग वरून पातळ काप काढला की तांदळाएवढे तुकडे आपोआप खाली पडतात. पुन्हा घाव, पुन्हा काप. प्रत्येक तुकड्याला कड राहते, म्हणून ती दाताखाली कुरकुरते. माझी आई विळीवर हे करायची तेव्हा परातीत पडणाऱ्या तुकड्यांचा आवाज पावसासारखा यायचा. मला अजून तो वेग नाही. अंगठ्यावर दोन खुणा आहेत. आणि देठाकडचा तुकडा आधी चाखून बघायचा. काकडीचा कडवटपणा देठाशी आणि सालीत जास्त असतो. टोक घासून फेस काढायची पद्धत मीही पाळतो, पण भरवसा जिभेवर ठेवतो. अख्खी काकडीच कडूजहर निघाली तर सरळ टाकून द्यावी, पैसे वाया गेले म्हणून खात बसू नये.

चार माणसांना दोन मध्यम काकड्या, तीन चमचे कूट, चिमूटभर साखर, अर्धं लिंबू, आणि जिरं-हिंग-हिरव्या मिरचीची फोडणी. उपासाला तीच, पण साजूक तुपातली जिऱ्याची फोडणी आणि हिंग नाही. झाली खमंग काकडी.

पण नुसत्या काकडीवर वर्ष काढायचं म्हणजे बडोद्यात राहून सुरसागर तलाव न बघण्यासारखं आहे. थंडी पडली की मी पिशवी घेऊन खंडेराव मार्केटात जातो. सयाजीराव महाराजांच्या काळात, 1906 साली बांधलेली ती इमारत. पुढे महापालिकेची कचेरी आणि मागे भाजी, फळं, फुलं. डिसेंबरात तिथे मोगरीचे ढीग लागतात, हिरवी एक आणि जांभळी एक. "काका, मोगरी ताजी छे, अढीसो आपी दऊं?" भाजीवाला विचारतो, म्हणजे पाव किलो देऊ का? आपल्या देशावरच्या पाहुण्यांना ही दाखवली की ते म्हणतात, अरे, ही तर डिंगरी! बरोबर, मुळ्याच्या शेंगा. तिकडे त्यांची भाजी करतात. इथे आमच्या शेजारच्या बेननी मला ती कच्ची खायला शिकवली. शेंगा बोटभर तुकड्यांत चिरायच्या, घट्ट दही, मीठ, चिमूट साखर, भाजलेल्या जिऱ्याची पूड. एवढंच. शेंग कोवळी हवी. वाकवली की टचकन मोडली पाहिजे.

मोगरी, मुळा ही सगळी मोहरीच्या कुळातली. यांचा उग्रपणा चिरल्यावर, किसल्यावर तयार होतो, म्हणून मुळा तासभर किसून ठेवला की घरभर वास सुटतो. तो दह्यात लगेच कालवावा. ह्याच गुणाचा आपल्या आज्यांनी उपयोग करून घेतला होता. मोहरी पाण्याबरोबर फेसायची आणि केळ्याच्या किंवा लाल भोपळ्याच्या रायत्याला लावायची. पहिल्या घासाला नाकात झिणझिण्या! पाणी गार हवं बरं का, गरम पाण्यात मोहरी मवाळ होते. रायतं हे नावच मुळात राईवरून आलंय. आता लग्नात बुंदी टाकलेल्या गोड दह्यालाही रायतं म्हणतात, म्हणू देत.

आणखी एक गोष्ट आपण बडोदेकर मराठी लोकांनी शेजाऱ्यांकडून उचलली, ती म्हणजे संभारो. फाफड्याबरोबर कच्च्या पपईचा पिवळा कीस मिळतो, तोच. रविवारी फाफडे बाहेरून येतात, पण संभारो मी घरी करतो. पपई जाड किसणीवर किसायची. कढईत चमचाभर तेल, मोहरी, हिंग, हळद, लांब कमी तिखट मिरच्या उभ्या चिरून. मिरच्या जरा मऊ पडल्या की कीस घालून दोनदा परतायचा आणि गॅस बंद. शिजवायचा नाही, गरम झाला पण कुरकुरीत राहिला, की जमला. वर लिंबू. पपईऐवजी कोबी-गाजर घेतलं तरी चालतं, आणि रोजच्यासाठी तेच सोपं. घरात कोणी गरोदर असेल तर कच्ची पपई टाळा.

इथे एक शंका मला पत्रांतून नेहमी विचारतात: कच्चंच खायचं तर तेल, कूट, खोबरं कशाला? तर गाजरातलं जे द्रव्य शरीरात जाऊन अ जीवनसत्त्व होतं, ते स्निग्ध पदार्थाबरोबरच नीट शोषलं जातं. आणि लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे पालेभाजी-डाळीतलं लोह अंगी लागायला मदत होते. म्हणजे फोडणी आणि लिंबू हे नुसते जिभेचे चोचले नाहीत. चमचाभर तेल चार माणसांत असतं, तेवढ्यानं कोणी सुटत नाही. मीठ मात्र हात राखून घाला. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला माणशी 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट चमचाभरही नाही, आणि पानात लोणचं, पापड आधीच बसलेले असतात. मी मीठ निम्मं करून लिंबू वाढवलं. घरात महिनाभर कोणाला कळलं नाही. तीच संघटना रोज किमान 400 ग्रॅम भाज्या-फळं खायला सांगते, आणि बटाटा त्यात धरत नाही. आता पानातली चमचाभर कोशिंबीर आणि दोन चमचे भाजी तोलून पाहा. बँकेतल्या माणसाला तूट लगेच दिसते.

पावसाळ्यात मी जरा हात आखडता घेतो. कोथिंबीर, कोबी, पालेभाजी वाहत्या पाण्याखाली पान न् पान धुतल्याशिवाय कच्ची घेत नाही. कोबीची वरची पानं काढूनच टाकतो. मोड आलेले मूगही त्या दिवसांत पाच-सात मिनिटं वाफवून घेतो. मोड यायला जी ऊब आणि ओल लागते, तीच जंतूंनाही आवडते. वाफवलेल्या मुगात कांदा, टोमॅटो, लिंबू घातलं की संध्याकाळचं खाणं होतं. टोमॅटोच्या बिया मात्र काढा, नाहीतर पुन्हा आमटी.

बिटाबद्दल एकच सांगतो. दह्यात घातलं की सगळं गुलाबी होतं, मुलांना ते आवडतं. दुसऱ्या दिवशी लघवी लालसर दिसली तर घाबरून डॉक्टरांना फोन करू नका. मी केला होता. आदल्या दिवशी बीट खाल्लं होतं का, असं त्यांनी विचारलं आणि हसले.

आज रेकॉर्डिंगला निघताना घरी दोन काकड्या चोचवून झाकून ठेवल्यात. कूट शेजारी वाटीत आहे. मीठ अजून घातलेलं नाही. नमस्कार.